विश्लेषण : डुकरांच्या खोकल्यावर पाण्यातले प्रतिजैविक; उपाय की अपाय?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात डुक्कर म्हणजे अनेक कुटुंबांची अडीनडीची ठेव. लग्न, आजारपण, पेरणी अशा वेळी एक डुक्कर विकले की हातात पैसा येतो. म्हणूनच ते खोकू लागले की घर घाबरते आणि दुकानातून पावडरीचे पाकीट येते. पावडर पाण्यात ढवळली की काम झाले, असा समज असतो. प्रत्यक्षात पाण्यात विरघळणारी प्रतिजैविके ही पशुवैद्यकातील सर्वांत सोयीची आणि सर्वांत सहज चुकणारी औषधे आहेत. ती बंद करणे हा त्यावरचा मार्ग नाही. मोजून वापरणे हा मार्ग आहे आणि तो गडचिरोलीला नवा नाही.

गडचिरोलीचा याच्याशी काय संबंध?

न्यूमोनियावर प्रतिजैविक कसे वापरावे, याचा धडा जगाने गडचिरोलीकडून घेतला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८०च्या दशकाच्या अखेरीस गावातील आरोग्य कार्यकर्त्यांना आणि दायांना बालकांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवले. पद्धत साधी होती. आधी मुलाचे श्वास मोजायचे, गती ठरावीक आकड्याच्या वर असेल तरच गोळी द्यायची, ती ठरलेल्या मात्रेत आणि ठरलेले दिवस द्यायची. १९९०मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये या प्रयोगाचे निष्कर्ष आले. या कार्यकर्त्यांनी उपचार केलेल्या ६१२ न्यूमोनियाग्रस्त मुलांमध्ये मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते. तुलनेसाठी निवडलेल्या भागात ते १३.५ टक्के होते.

या यशात औषधाइतकाच वाटा मोजणीचा होता. खोकणाऱ्या प्रत्येक मुलाला गोळी दिली गेली नाही. साध्या सर्दीला प्रतिजैविक लागत नाही, हे दाईलाही समजले होते. गोठ्यातल्या आणि वाड्यातल्या जनावरांबाबत हीच शिस्त अजून पोहोचलेली नाही.

डुक्कर खोकते म्हणजे नेमके काय होते?

खोकला हे लक्षण आहे, रोग नव्हे. त्यामागे किमान चार वेगवेगळी कारणे असू शकतात.

पहिले कारण जिवाणू. मायकोप्लाझ्मा हायोन्यूमोनिई हा जिवाणू फुप्फुसात ठाण मांडतो, कोरडा खोकला महिनोन्‌महिने राहतो आणि डुक्कर अंगाला लागत नाही. पाश्चुरेला त्यावर स्वार होतो. ॲक्टिनोबॅसिलस मात्र धडधाकट डुक्कर एक-दोन दिवसांत मारू शकतो. अशा रोगांवर प्रतिजैविक कामाचे आहे, पण योग्य ते. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते आणि पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन ही औषधे नेमकी त्या भित्तिकेवरच काम करतात. म्हणजे कितीही अमॉक्सिसिलिन पाजले तरी हा खोकला हटणार नाही.

दुसरे कारण विषाणू. स्वाइन फ्लू, पीआरआरएस, क्लासिकल स्वाइन फीवर आणि २०२०मध्ये आसाम-अरुणाचलमार्गे भारतात आढळलेला आफ्रिकन स्वाइन फीवर हे सगळे विषाणूजन्य आहेत. यांच्यावर प्रतिजैविकाचा शून्य उपयोग. क्लासिकल स्वाइन फीवरसाठी लस आहे. आफ्रिकन स्वाइन फीवरवर औषध नाही आणि शेतकऱ्याला वापरता येईल अशी लस आपल्याकडे उपलब्ध नाही.

तिसरे कारण जंगलपट्ट्यात विसरून चालणार नाही. ते म्हणजे फुप्फुसातले कृमी. या कृमींची अंडी गांडुळांच्या पोटात जातात आणि मोकळे फिरणारे डुक्कर माती उकरून तीच गांडुळे खाते. काही आठवड्यांत खोकला सुरू होतो. इथे जंतनाशक लागते. पाण्यातली पावडर महिनाभर दिली तरी कृमी तसेच राहतात.

चौथे कारण रोगच नव्हे. डुकराला माणसासारखा घाम येत नाही. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपुढे जातो तेव्हा पत्र्याखाली बांधलेले डुक्कर धापा टाकणारच. त्याला सावली, चिखल आणि पाणी हवे असते. न्यूमोनियाचे डुक्कर पहाटेच्या गारव्यातही पोट हलवत श्वास घेते, उष्म्याने धापणारे तेव्हा शांत झालेले असते. श्वास मोजायचे ते पहाटे, डुक्कर आडवे पडलेले असताना.

मग औषध पाण्यातून का देतात?

कारण ते सोयीचे आहे आणि त्यामागे शास्त्रही आहे. आजारी डुक्कर आधी खाणे सोडते, पाणी मात्र बराच काळ पीत राहते. चाळीस डुकरांना रोज सुई टोचणे अवघड आणि त्या धावपळीत आजारी जनावराची धाप आणखी वाढते. पाण्यातून कळपाला एकाच वेळी औषध पोहोचते आणि जिवाणूची साथ लवकर आटोक्यात येते. डॉक्सिसायक्लिन, ऑक्सिटेट्रासायक्लिन, टायलोसिन, टिल्मिकोसिन, टियाम्युलिन, अमॉक्सिसिलिन ही पाण्यातून दिली जाणारी प्रमुख औषधे. बंदिस्त शेडमध्ये, पशुवैद्यकाने निदान केल्यावर, ही पद्धत योग्यच आहे.

अडचण अशी की जे डुक्कर सर्वांत आजारी, तेच पाण्यापर्यंत शेवटी पोहोचते आणि सर्वांत कमी पिते. धट्टेकट्टे डुक्कर मात्र पोटभर औषध पिते, ज्याची त्याला गरज नसते. म्हणून कळपाला पाण्यातून औषध दिले तरी कोपऱ्यात पडून राहिलेल्या डुकरांना वेगळे काढून इंजेक्शनच द्यावे लागते. हे न करता ‘औषध दिले, तरी मेले’ असे म्हणणे म्हणजे औषधावर नाहक आळ घेणे.

मात्रा चुकते कुठे?

बादलीला एक चमचा, या हिशेबात. औषधाची मात्रा पाण्याच्या लिटरवर ठरत नाही, जनावराच्या किलोवर ठरते.

केवळ हिशेब समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. प्रत्येकी ३० किलोची १० डुकरे म्हणजे ३०० किलो वजन. औषध किलोमागे रोज १० मिलिग्रॅम द्यायचे असेल तर दिवसाला ३००० मिलिग्रॅम, म्हणजे ३ ग्रॅम शुद्ध औषध लागेल. पाकिटावर १० टक्के लिहिले असेल तर पावडर ३० ग्रॅम. डुक्कर दिवसाला साधारण वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढे पाणी पिते. म्हणजे या कळपाला ३० लिटर पाणी लागेल आणि लिटरमागे एक ग्रॅम पावडर पडेल.

आता हाच ‘लिटरला एक ग्रॅम’ नियम वर्षभर वापरला तर? मे महिन्यात कळप ४५ लिटर पिईल आणि मात्रा दीडपट होईल. श्रावणातल्या झडीत, अंगात ताप असताना तोच कळप २० लिटरवर येईल आणि मात्रा दोन तृतीयांशावर घसरेल. श्वसनरोग बळावतात ते नेमके ओलसर, गार दिवसांत. म्हणजे गरज जास्त असते तेव्हाच औषध कमी पडते. ही अपुरी मात्रा सर्वांत घातक. त्यात कच्चे जिवाणू मरतात, चिवट उरतात आणि पुढच्या वेळी तीच पावडर निकामी ठरते.

वजनाचा अंदाजही डोळ्यांनी फसतो. त्यावर शिंप्याची टेप पुरेशी आहे. छातीचा घेर मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करायचा, त्याला कानांच्या मधल्या जागेपासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या लांबीने गुणायचे आणि मग ६९.३ने. घेर ७५ सेंटीमीटर आणि लांबी ८० सेंटीमीटर असेल तर डुक्कर सुमारे ३१ किलोचे आहे. काटा नसलेल्या गावात हा हिशेब अंदाजापेक्षा कितीतरी बरा.

पाणीच औषध खाते, ते कसे?

ज्या बोअरवेलच्या पाण्याने भांड्यावर पांढरा थर चढतो, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असते. टेट्रासायक्लिन गटातील औषधे या क्षारांना आणि लोहालाही चिकटून बसतात. मग ती आतड्यातून रक्तात नीट उतरत नाहीत. पावडर पाण्यात दिसेनाशी झाली म्हणजे औषध डुकराच्या फुप्फुसात पोहोचले, असे नाही. त्याच कारणाने दूध किंवा ताकात टेट्रासायक्लिन कालवू नये. पाण्यात ब्लीचिंग पावडर जास्त झाली असेल तर क्लोरीनही काही औषधे खराब करते.

औषधाचे द्रावण रोज ताजे करावे, सावलीत ठेवावे, गंजक्या लोखंडी पत्र्याच्या टाकीऐवजी स्वच्छ प्लास्टिकच्या भांड्यात करावे. औषध सुरू असताना पाण्याचा दुसरा स्रोत बंद हवा. उरलेले द्रावण नाल्यात, तलावात किंवा बोडीत ओतू नये.

आणखी एक धोका कोंबड्यांच्या खाद्यातून येतो. ब्रॉयलरच्या खाद्यात रक्ती हगवणीवर मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिनसारखी औषधे असू शकतात. उरलेले असे खाद्य डुकरांना घातले आणि त्याच वेळी पाण्यातून टियाम्युलिन दिले, तर दोन्हींच्या संयोगाने विषबाधा होऊन डुकरे मरू शकतात. दुकानदाराला औषधाचे नाव माहीत असते, डुकराच्या पुढ्यात काय आहे ते माहीत नसते. ते विचारायचे काम पशुवैद्यकाचे.

मोकळ्या फिरणाऱ्या डुकरांचे काय?

इथे स्पष्ट बोलायला हवे. जे डुक्कर नाल्याचे, शेताच्या बांधावरचे, तलावाचे पाणी पिते, त्याला पाण्यातून औषध देताच येत नाही. भामरागड-एटापल्लीच्या पाड्यांपासून शहरांच्या कडेच्या वस्त्यांपर्यंत बरीच डुकरे अशी मोकळी हिंडतात. त्यांच्यासाठी ठेवलेल्या औषधी पाण्याचे कोण किती पिईल, याचा नेम नाही. कोंबड्या पितील, कुत्रे पितील, शेळ्याही पितील. अशा डुकराला किमान उपचाराचे दिवस बांधून ठेवायचे आणि वैद्यकाच्या सल्ल्याने थेट इंजेक्शन किंवा तोंडाने औषध द्यायचे. ते शक्य नसेल तर पाण्यातली पावडर न देणेच शहाणपणाचे.

माणसांना यातून धोका कसा?

जनावराची आणि माणसाची प्रतिजैविके वेगळी नाहीत. जागतिक आरोग्य संघटना २०१४पासून बालकांच्या न्यूमोनियावर तोंडाने द्यायचे पहिले औषध म्हणून अमॉक्सिसिलिनची शिफारस करते. डुकरांसाठीच्या पाकिटातही तेच अमॉक्सिसिलिन असते. डुकराच्या आतड्यात औषधाला न जुमानणारे जिवाणू तयार झाले की ते विष्ठेतून मातीत, पाण्यात आणि हाताळणाऱ्याच्या हातावर येतात. टेट्रासायक्लिनचा मोठा हिस्सा तर न बदलता शरीराबाहेर पडतो आणि शेणखतातून शेतात जातो. शिवाय एका औषधाला दाद न देणारी जनुके अनेकदा दुसऱ्या औषधांना दाद न देणाऱ्या जनुकांसोबत एकाच गाठोड्यात असतात. जिवाणू ते गाठोडे आपसांत देतात-घेतात.

ही भीती पुस्तकी नाही. कोलिस्टिन हे माणसांवरचे शेवटच्या फळीतले औषध. चीनमध्ये ते डुकरांना वाढीसाठी सर्रास दिले जात होते. २०१५च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही कोलिस्टिनला निकामी करणारे ‘एमसीआर-१’ जनुक आढळल्याचे जाहीर झाले आणि जग हादरले. ‘लॅन्सेट’मधील अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात थेट १२ लाख ७० हजार मृत्यू झाले.

‘सर्च’ने पुढे घरीच नवजात बाळांची काळजी घेण्याचे प्रारूप उभे केले. त्यात जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला गावातील आरोग्यदूत जेन्टामायसिनचे इंजेक्शन देते. मोठे रुग्णालय दूर असलेल्या गावात बाळाचा जीव एका साध्या, स्वस्त प्रतिजैविकावर टिकून असतो. ते औषध निकामी झाले तर नागपूरच्या रुग्णालयातले महागडे औषध त्या पाड्यावर वेळेत पोहोचणार नाही. म्हणून प्रतिजैविक जपण्याची गरज महानगरापेक्षा गडचिरोलीला अधिक आहे.

कायदा काय सांगतो?

कायदा बऱ्यापैकी स्पष्ट आहे. केंद्र सरकारने २०१९च्या जुलैमध्ये खाद्य जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. खाद्य जनावरांच्या औषधाच्या वेष्टनावर ‘किती दिवस मांस, दूध, अंडी वापरू नयेत’ हे छापणे २०१२पासून बंधनकारक आहे. त्या औषधासाठी असा कालावधी ठरवलेला नसेल, तर मांसासाठी किमान २८ दिवस थांबावे, असा नियम आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे औषधांच्या अवशेषांबाबतचे निकषही १ एप्रिल २०२५पासून अधिक कडक झाले आहेत. युरोपीय संघाने २००६पासून वाढीसाठी प्रतिजैविके बंद केली आणि २०२२पासून रोग नसताना कळपाला सरसकट औषध देण्यावरही बंधन आणले.

पण २८ दिवसांचा नियम पाळायचा कुणी? आजारी डुक्कर मरण्याआधी विकून टाकणे, हा गरिबाचा एकमेव विमा आहे. औषध दिल्यावर चौथ्या दिवशी ते कापले गेले, तर दोष फक्त विकणाऱ्याचा म्हणता येणार नाही. त्याला चार आठवडे थांबणे परवडेल, अशी सोय उभी केली नाही, हा व्यवस्थेचाही दोष आहे. वराहपालनासाठी राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० माद्या आणि १० नरांच्या प्रकल्पाला ५० टक्के, कमाल ३० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. चार डुकरे पाळणाऱ्या घराला विमा आणि वेळेवर वैद्यक मिळणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

डॉक्टर येतच नसेल तर?

हा आक्षेप खरा आहे. ‘चिठ्ठीशिवाय औषध नाही’ एवढेच सक्तीने लागू केले तर दुर्गम तालुक्यातल्या माणसाच्या हाती काहीच उरणार नाही. मग तो चोरून, अर्धवट आणि महाग औषध घेईल. सक्तीच्या आधी सेवा हवी.

त्याचे उत्तरही गडचिरोलीच्या अनुभवातच आहे. ‘उमेद’ अभियानातील पशुसखी गावात आहेत. त्यांना थर्मामीटर, मोजटेप, श्वास मोजण्याचे प्रशिक्षण आणि एक पानी तक्ता द्यावा. नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली प्राथमिक सेवा देण्यास १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यात वाव आहे. पशुसखीने लक्षणे मोजायची, १९६२ या टोल फ्री क्रमांकावर किंवा तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याला ती कळवायची. औषध कोणते, किती दिवस, हे ठरवायचे पशुवैद्यकाने. फोनवर ‘खोकतंय’ एवढेच सांगितले तर वैद्यकही अंदाजच करणार. ‘तीन डुकरे, पहाटे श्वास मिनिटाला साठ, ताप १०५, दोन दिवस खाल्ले नाही’ असे सांगितले तर निर्णय घेता येतो. मोठ्या, निरोगी डुकराचे तापमान साधारण १०२ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते, एवढे माहीत असले तरी निम्मे काम होते.

एक गोष्ट मात्र पशुसखीनेही थांबून पाहू नये. एकामागून एक डुकरे अचानक मरू लागली, कान-पोट लाल-जांभळे पडले, तीव्र ताप असेल, तर तो आफ्रिकन किंवा क्लासिकल स्वाइन फीवर असू शकतो. तेव्हा पावडर नव्हे, खबर द्यायची. २००९च्या कायद्यानुसार अशा रोगांची माहिती देणे बंधनकारक आहे. डुकरे विकायची नाहीत, हलवायची नाहीत, मेलेली जंगलात टाकायची नाहीत. ताडोबाच्या परिसरात आणि गडचिरोलीच्या जंगलात रानडुकरांचे कळप आहेत आणि हे दोन्ही रोग त्यांनाही होतात. शिवाय गावालगत फेकलेले मढे बिबट्याला गावाचा रस्ता दाखवते.

औषधाआधी काय?

सर्वांत स्वस्त प्रतिजैविक म्हणजे कोरडी जागा. वारा खेळेल पण झोत थेट अंगावर येणार नाही अशी झोपडी, लघवीचा उग्र वास साचू न देणे, दाटीवाटी टाळणे, नवे आणलेले डुक्कर तीन-चार आठवडे वेगळे बांधणे, वेळेवर जंतनाशक आणि स्वाइन फीवरची लस. हॉटेलचे उष्टे द्यायचेच तर ते उकळून द्यावे. यातल्या बहुतेक गोष्टींना पैशांपेक्षा सवय लागते.

सरकारच्या बाजूने तीन गोष्टी तातडीने व्हायला हव्यात. मेलेल्या डुकराच्या फुप्फुसाचा नमुना जिल्ह्यातच तपासला जावा आणि औषध कोणते चालते ते कळावे. औषधाच्या पाकिटावर मात्रा आणि थांबण्याचे दिवस ठळक मराठीत असावेत. आणि औषध दिलेले डुक्कर मुदत संपेपर्यंत न विकणाऱ्या छोट्या पालकाला विम्याचा आधार मिळावा.

दाईच्या हातात गोळी देण्याआधी ‘सर्च’ने तिला श्वास मोजायला शिकवले होते. पावडरीच्या पाकिटाआधीही तेच शिकवावे लागेल. नाहीतर आज डुकराच्या बादलीत वाया गेलेले औषध उद्या त्याच घरातल्या बाळासाठी कामाचे उरणार नाही.